दोन नावांचा कोळी

एका ओळीसाठी कुणी इतकी वर्षं दात धरून बसतं का, असं विचारणाऱ्यानं आधी ती ओळ वाचावी. एका जाडजूड शास्त्रीय मासिकात, लेखाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ती छापली होती : ‘घरची बाजू आणि वेळोवेळी चहा सांभाळल्याबद्दल वहिनींचे आभार.’

ती वहिनी म्हणजे बरणीबाई. निसर्ग संग्रहालयाच्या तळघरात स्पिरिटमध्ये बुडवलेल्या मेलेल्या जिवांच्या बरण्यांची एक खोली होती, तिची ती प्रमुख. खोलीत प्रमुखही तीच आणि हाताखालचीही तीच, म्हणून वरच्या मजल्यावरच्यांनी तिला हे नाव पाडलं होतं. आणि तो लेख लिहिणारी वरच्या मजल्यावरची विभागप्रमुख मॅडम म्हणजे बरणीबाईची सख्खी नणंद.

दोघी आधी मैत्रिणी. कॉलेजात एका बाकावर बसल्या, कोळ्यांवर एकाच वर्षी पदवी घेतली, आणि सुट्टीच्या दिवशी झाडाखाली उलटी छत्री धरून फिरल्या. एकीनं काठीनं फांदी झोडायची, दुसरीनं छत्रीत पडलेले किडे कुपीत भरायचे. लोक हसायचे. “पोरींनो, पाऊस वरून येतो की खालून?” असं विचारायचे. पुढं मैत्रिणीनंच आपला भाऊ पुढं केला. भावाचं चष्म्यांचं दुकान होतं, स्वभाव गरीब होता, लग्न झालं. मैत्रीण नणंद झाली की काय होतं, ते ज्यांना नणंद आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना नाही त्यांना सांगून कळायचं नाही.

आता ज्याच्यावरून हे रामायण घडलं तो कोळी. हा जाळं विणत नाही. जाळं विणून कोपऱ्यात बसणं हे आळशांचं काम. हा झाडावर राहतो, तांदळाच्या दाण्याएवढा असतो, आणि उडी मारून शिकार करतो. डोळे आठ. त्यातले पुढचे दोन मोटारीच्या दिव्यांसारखे. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत तर तोही मान वळवून तुमच्याकडे बघतो, आणि बघून झालं की तुम्ही कामाचे नाही हे ठरवून पुढं जातो. उडी मारायच्या आधी खोडाला रेशमाचा धागा चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी खाली पडायला नको. हरून येण्याचीही तयारी करून जाणारा प्राणी. माणसांत ही अक्कल कमी.

त्याची शिकारीची रीत तर ऐकण्यासारखी आहे. समोरच्या फांदीवर माशी दिसली आणि मधे रस्ता नसला, तर हा माशीकडे पाठ फिरवतो. खोडावरून खाली उतरतो, लांबचा वळसा घेतो, वाटेत माशी दिसेनाशीही होते. बघणाऱ्याला वाटतं, याचं लक्ष उडालं, गेला बिचारा. आणि बऱ्याच वेळानं तो माशीच्या मागच्या पानावर हजर होतो. दिसत नव्हती तेव्हाही माशी त्याच्या डोक्यात बसलेली असते.

बरणीबाईनं ही रीत शिकून घेतली असं म्हणत नाही. तिला ती जन्मजात असावी.

सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा नणंदेनं सांगितलं, “वहिनी, माझ्याच्यानं आईला असं बघवत नाही गं.” या वाक्याचा मोठा फायदा असा, की ज्याला बघवत नाही त्याला बघावं लागत नाही. बरणीबाईनं बिनपगारी रजा घेतली आणि सासूबाईंचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं. कूस बदलणं, चादरी बदलणं, चमच्यानं भरवणं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पावडर लावणं. नणंद तेवढ्या काळात संग्रहालयात बसून दोघींनी जमवलेल्या कोळ्यांवर लेख लिहीत होती.

सासूबाईंचा पलंग खिडकीला लागून होता आणि खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर एका जुन्या झाडाचं खोड होतं. भेगाळलेली साल, ठिकठिकाणी सुटलेली. पडल्या पडल्या म्हातारी काय करणार? खोड बघायची. बरणीबाईही शेजारी बसून बघायची. सालीच्या एका फटीत करड्या रंगाची, चपटी, सालीचाच तुकडा वाटावा अशी एक मादी राहत होती. तिनं रेशमाची पिशवी विणून घर केलं होतं. एके दुपारी वरच्या पानांतून एक काळाभोर, सडपातळ, पोटावर पांढरे पट्टे असलेला कोळी उतरला, कुणीही मुंगी समजावा असा. तो मादीपुढं थांबला, पुढचे दोन पाय वर केले आणि डावीकडं दोन पावलं, उजवीकडं दोन पावलं असा नाचायला लागला. मधेच थांबे, अंग थरथरवी, पुन्हा नाचे. मादी दिवे रोखून बघत राहिली आणि मग आपल्या पिशवीचं तोंड सोडून बाजूला झाली. तो आत गेला.

सासूबाईंचं अर्धं तोंड हसत नव्हतं, पण उरलेलं अर्धं पोटभर हसलं. तुटक्या जिभेनं त्या म्हणाल्या, “तुझ्या सासऱ्यांनी... मला बघायला आले तेव्हा... मानसुद्धा वर केली नव्हती.”

बरणीबाईला आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. काळे कोळी त्यांना नेहमी शेंड्याकडच्या पानांत, छत्रीत मिळायचे. करड्या माद्या सालीखाली मिळायच्या. ते दोन वेगळे प्राणी आहेत असं दोघीही धरून चालल्या होत्या. आणि आता डोळ्यांसमोर कळलं, की हा नवरा आणि ही बायको. तिनं लगेच नणंदेला फोन लावला.

“अगं, ऐक ना, आपला तो काळा कोळी...”

“वहिनी, मी कामात आहे. आई बरी आहे ना? मग नंतर बोलू.”

नंतर म्हणजे काय, ते सगळ्यांना माहीत आहे. सासूबाई गेल्या. नणंद आली, सगळ्यांत मोठ्यानं रडली, आणि सुतक फिटायच्या आत परत गेली. मग लेख छापून आला. एकाच लेखात दोन नव्या जाती. काळ्या कोळ्याला नाव दिलं होतं एका वखारवाल्याचं. हा गृहस्थ लाकडाचा मोठा व्यापारी, संग्रहालयाला नवं दालन बांधून देणार होता. झाडं कापून गब्बर झालेल्या माणसाच्या नावानं झाडावरचा कोळी. त्या कोळ्याला बोलता येत नाही म्हणून बरं. करड्या मादीला नाव दिलं होतं आईचं. जिवंतपणी जिच्या तोंडात चमचाभर पाणी घालायला आली नाही, तिच्या नावाला लॅटिन शेपूट जोडून टाकलं. आणि तळाशी ती चहाची ओळ.

बरणीबाईनं लेख शेवटपर्यंत वाचला. नवराबायकोला दोन वेगळ्या जाती ठरवलं होतं. संसारात ते बऱ्याचदा खरं असतं, पण शास्त्रात ही चूक अशी, की उघडी पडली तर आयुष्यभर पुसली जात नाही. नणंदेनं कोळी बघितले होते ते बरणीतले. बरणीत कुणी नाचत नाही.

एक फोन केला असता तर नणंद वाचली असती. बरणीबाईनं फोन केला नाही. तिनं मासिक मिटलं, चहाचं आधण ठेवलं, आणि त्या दिवसापासून नणंदेला ‘अगं’ म्हणायचं सोडून ‘अहो वन्सं’ म्हणू लागली. लोकांना वाटलं, मान देतेय. नवऱ्यानं एकदा विचारलंही, “तुम्ही दोघी अगं-तुगंवरच्या ना?”

“त्या मोठ्या झाल्या आता,” ती म्हणाली. “आणि उंचावरून पडणाऱ्याला अहोच म्हणावं.”

नवरा चष्म्याची काच पुसत राहिला. त्याला बायकोचे विनोद कधी कळायचे नाहीत, आणि हा विनोद नव्हता.

नणंद खरंच चढत गेली. त्या दोन जातींवर तिनं व्याख्यानं दिली. एकाच झाडावर वर एक आणि खाली एक अशा दोन जाती भांडणाशिवाय कशा नांदतात, याच्यावर आणखी एक लेख लिहिला, त्याला बक्षीस मिळालं. भांडण कसं होणार? नवरा कामाला माडीवर आणि बायको तळमजल्यावर. तळघरात बरणीबाई दोन वेगळ्या बरण्यांवर दोन वेगळी नावं सुवाच्य अक्षरात लिहून चिकटवत होती. बाहेरगावचे संशोधक यायचे, दोन्ही बरण्या मागायचे, ती हसून द्यायची. चूक तिनं केली नव्हती. फक्त रोज तिला पाणी घालत होती.

मग वखारवाल्याचं दालन बांधून होत आलं. दारावर काळ्या कोळ्याची बैलाएवढी प्रतिकृती बसणार आणि खाली त्याचं नाव, असं ठरलं. नणंद त्या दालनाची संचालक होणार होती. बरणीबाईनं ही बातमी ऐकली, घरी आली, खिडकीबाहेर हात घालून एक सुटी साल अलगद काढली आणि अंड्यांच्या कोषावर बसलेली एक करडी मादी कोषासकट डब्यात घेतली.

ही मादी पोरं बाहेर पडेपर्यंत जागा सोडत नाही. खात नाही, पीत नाही, कुणी जवळ आलं तर पुढचे पाय उगारते. बरणीबाईला तिच्याबद्दल आदर वाटायचा. जी कामं बघवत नाहीत म्हणून सोडून जाता येत नाहीत, ती करणाऱ्या कुणाबद्दलही तिला वाटायचा.

पिल्लं फुटली, टाचणीच्या टोकाएवढी. ती एकत्र ठेवली तर भावंडं भावंडांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी काचनळी, तोंडाला कापसाचा बोळा, पाण्याचा थेंब. खायला बारीक माश्या, आणि माश्या पैदा करायला सडकी केळी. स्वयंपाकघराला केळ्यांचा आंबूस वास भरून राहिला.

“घर आहे की फळबाजाराचा उकिरडा?” नवरा म्हणायचा. पण त्यालाही गंमत वाटायला लागली होती. नळीला भिंग लावून तो बघायचा. “आठ डोळे. याला चष्मा लावायचा तर चार फ्रेम लागतील. असं गिऱ्हाईक नको रे बाबा.”

पिल्लं कात टाकत वाढली. शेवटच्या कातीपर्यंत सगळी एकसारखी, करडी, बिनओळखीची. नर कोण आणि मादी कोण हे तोवर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. बरणीबाई सकाळी उठली की दात घासायच्या आधी नळ्या बघायची. आणि एका सकाळी एका नळीत करडी कात पडलेली आणि तिच्या शेजारी काळाभोर, सडपातळ, पांढऱ्या पट्ट्यांचा नर, तोंडापुढचे दोन बारके हात मुष्टियोद्ध्याच्या मुठींसारखे फुगलेले. शेजारच्या नळीत त्याची बहीण, चपटी, करडी. आई एक, कोष एक. आता कुणी म्हणू शकत नव्हतं, की कोळी चुकून भलतीपुढंच नाचला असेल.

तिनं लेख लिहून मासिकाला पाठवला. तो तपासून झाला, मंजूर झाला, छापण्यापूर्वीचं शेवटचं प्रूफ दुरुस्तीसाठी घरी आलं. आणि त्याच आठवड्यात नणंद दालनाच्या उद्‌घाटनाचं आमंत्रण घेऊन आली.

“काय गं हा वास,” नणंद नाकाला पदर लावत म्हणाली. “दादा, तू राहतोस कसा इथं?”

“राहतो. उद्‌घाटनाला सूट घालायचा का गं?” भाऊ म्हणाला.

“वन्सं, इकडं या,” बरणीबाई स्वयंपाकघरातून म्हणाली. “तुम्हाला भाचरं दाखवते.”

नणंद आली. फळीवर ओळीनं नळ्या, काळी-करडी, काळी-करडी, आणि शेवटी डब्यात सुकलेला कोष. इतकी वर्षं बरण्या बघितलेली बाई होती ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिनं एक नळी उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली. मग ओट्याला टेकून उभी राहिली.

“एका कोषातली?”

“एका आईची.”

“कधीपासून माहीत होतं तुला?”

“आई खिडकीशी होत्या तेव्हापासून. तुम्हाला फोन केला होता मी. तुम्ही कामात होतात.”

भाऊ दारात उभा होता. “काय झालं? मला कुणी सांगेल का?”

बरणीबाईनं त्याला सांगितलं, दुकानातल्या गिऱ्हाइकाला नंबर समजावा तसं. जात एक, नावं दोन. दोन नावं चालत नाहीत, एकच राहतं आणि दुसरं बुडतं. एरवी जुनं नाव टिकतं. पण ही दोन एकाच लेखात, एकाच दिवशी छापलेली जुळी. मग थोरलं कोण? अशा वेळी शास्त्राचा नियम असा, की ही दोन एकच आहेत हे पहिल्यांदा छापून जो सांगेल त्यानं निवडावं. तो निवडेल ते नाव कायमचं, नंतर कुणाला बदलता येत नाही. “आणि ते पहिल्यांदा सांगणारी मी,” ती म्हणाली. “प्रूफ टेबलावर आहे. निवडीची एक ओळ भरायची राहिलीय. वखारवाले, की आई.”

नणंदेनं पहिला रंग रागाचा दाखवला, मग मैत्रीचा. “आपण दोघींच्या नावानं काढू हा लेख. तुझं नाव आधी.”

“मला चहाची सवय झालीय.”

“वहिनी, ते आभार... अगं, घाईत लिहिलं गं ते. मी नंतर कितीदा...”

“मी तुम्हाला चूक कबूल करा म्हणत नाही, माफी मागा म्हणत नाही. लेख जाणार. फक्त एक निवड तुमच्यावर सोडते. नावं तुम्ही दिली होतीत, तुम्हीच सांगा. कोणतं ठेवू?”

नणंद प्रूफाकडं बघत राहिली. ते दालन, ती बैलाएवढी प्रतिकृती, ते संचालकपद, सगळं वखारवाल्याच्या नावावर उभं होतं. चूक झाली हे लोक विसरतील, शास्त्रात चुका होतात. पण त्याचं नावच बुडालं तर तो माणूस एका दिवसात पाठ फिरवील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. भाऊ दारातच होता. तो म्हणाला, “यात विचारायचं काय? आईचं ठेवा.”

नणंद त्याच्याकडं न बघता म्हणाली, “दादा, तुला यातलं कळत नाही.” आणि मग बरणीबाईला, हळू आवाजात, “वखारवाल्यांचं ठेव.”

“नीट ऐकू आलं नाही, वन्सं.”

“आईला काय फरक पडणार आहे आता? ती गेली. वखारवाल्यांचं ठेव. आईचं बुडू दे.”

 भाऊ आत जाऊन पलंगावर बसला. तोच तो पलंग. नणंद त्याचा निरोप घ्यायला गेली तर त्यानं खिडकीकडं तोंड केलं.

बरणीबाईनं त्याच संध्याकाळी ओळ भरली आणि प्रूफ पाठवलं.

उद्‌घाटन झोकात झालं. वखारवाला भाषणात म्हणाला, माणूस जातो, लाकूड जळतं, पण माझं नाव या कोळ्याच्या रूपानं झाडावर अमर राहील. नणंद शेजारी निश्चिंत बसली होती. बरणीबाईनं सगळ्यांच्या पुढं टाळ्या वाजवल्या. नवरा आला नव्हता. दुकानात गर्दी आहे म्हणाला.

मग अंक आला. जात एक. राहिलेलं नाव : आईचं. वखारवाल्याचं नाव खाली कंसात, बुडीत खात्यात. वखारवाल्याला शास्त्रातलं काही कळत नव्हतं, पण त्याच्या एका प्रतिस्पर्ध्यानं मुद्दाम अंक विकत घेऊन त्याला भेट पाठवला. तो संग्रहालयात आला आणि सगळ्यांसमोर विचारू लागला, “माझा कोळी कुठं गेला? दारावर तो बसलाय तो कोण मग?” एका शिपायानं अगदी भक्तिभावानं सांगितलं, “साहेब, ते आता मॅडमच्या आई आहेत.” त्या महिन्यातच दारावरचं त्याचं नाव उतरलं, त्याच्याबरोबर त्याची मदत आटली, आणि संचालकपदाचं कुणी बोलेना.

नणंद तळघरात आली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच पायऱ्या उतरून आली असेल. बरणीबाई बरण्यांत स्पिरिट भरत होती.

“फसवलंस मला.”

“तुम्ही सांगाल ते ठेवीन, असं मी म्हटलं नव्हतं. विचारलं होतं फक्त.”

“आईचंच ठेवायचं होतं तर मला न विचारता ठेवायचंस. माझ्या तोंडून ते कशाला काढलंस? दादासमोर?” तिचा आवाज फाटला. “दादा फोन उचलत नाही माझा.”

“न विचारता ठेवलं असतं, तर तुम्हाला वाटलं असतं, आईंसाठी केलं. चांगली आहे हो वहिनी, म्हणाला असतात. आणि पुन्हा कुठंतरी तळाशी आभार मानले असते.”

“आणि तू? तुला काय मिळालं?”

बरणीबाईनं झाकण घट्ट बसवलं. तिला काय मिळालं ते तिलाही मोजता येत नव्हतं. नवरा घरात कमी बोलत होता. ‘तू तिला ते बोलायला लावलंस’ असं एकदाच म्हणाला होता, आणि बायको बरोबर होती की चूक हे न सांगता झोपला होता. पण नणंद समोर उभी होती, पदराचं टोक चुरगाळत, आणि ते बघताना बरणीबाईला छातीत गार वाटत होतं. दया यावी म्हणून तिनं क्षणभर वाट बघितली. आली नाही.

“आलाच आहात तर एक काम करून जा,” ती म्हणाली. तिनं दोन्ही बरण्या फळीवरून काढून टेबलावर ठेवल्या. “जुन्या चिठ्ठ्या आपण काढत नाही. जुनं नाव राहतं, त्याच्याबरोबर नवी चिठ्ठी आत जाते. जातीला पहिलं नाव ज्यानं दिलं तो हजर असेल तर त्याच्याच हातची लावायची.”

“असा नियम नाहीये.”

“या खोलीत आहे.”

तिनं जाड कागदाच्या दोन चिठ्ठ्या पुढं सरकवल्या, आणि पेन्सिल. स्पिरिटमध्ये शाई फुटते, पेन्सिलीचं लिहिलेलं जात नाही. नणंदेनं खुर्ची ओढली. पहिल्या चिठ्ठीवर आईचं नाव लिहिताना तिचं अक्षर खाली घसरलं.

बरणीबाईनं चिठ्ठी उजेडात धरून वाचली. “तिरकं आलंय,” ती म्हणाली आणि नवी चिठ्ठी दिली. “परत लिहा.”